थांबाबाई आणि तेरा छर्रे

आमच्या कारखान्यात त्यांना मागून सगळे थांबाबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. नाव पडायला कारणही तसंच होतं. मोजणीच्या खोलीच्या दाराशी तुम्ही काहीही घेऊन जा, आतून पहिला शब्द यायचा, ‘थांबा.’ मग बाई हातमोजे बदलणार, टेबल पुसणार, भिंतीवरचं तापमान बघणार आणि तुमची वस्तू ट्रेमध्ये ठेवून वर झाकण घालणार. म्हणजे तुम्ही आता जा आणि चार तासांनी या. चार तास म्हणजे चार तास. पावणेचार तासांनी गेलेल्या माणसाला त्या दारातच उभं करून ठेवायच्या आणि वर विचारायच्या, घड्याळ बिघडलंय का म्हणून.

मी पंप जोडणारा मिस्त्री. वीस-बावीस वर्षं माझं निम्मं आयुष्य त्या दारात गेलं, तेव्हा आमचं फारसं सख्य नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

आम्ही रॉकेटच्या इंजिनाचे पंप करायचो. पंप म्हटलं की लोकांना विहिरीवरचा आठवतो. आमचा पंप मांडीवर मावेल एवढा, पण मिनिटाला तीस हजार फेरे घेणारा. द्रव ऑक्सिजन टाकीतून ओढायचा आणि इंजिनात रेटायचा, एवढंच त्याचं काम. त्याचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो त्यात तेरा छर्रे असतात, सायकलच्या छर्र्यांचे थोरले भाऊ. फरक एवढाच की सायकलला तेल घालता येतं. इथे तेलाचा एक थेंब ऑक्सिजनला भेटला तर पंपही राहत नाही आणि जवळ उभा असलेला माणूसही राहत नाही. त्यामुळे छर्रे कोरडेच फिरतात, त्या गोठवणाऱ्या द्रवात, आणि फिरता फिरता झिजतात. बाई म्हणायच्या, डोळ्यांत तेल घालून बघायचं, पण छर्र्यांना तेलाचं बोट लागू द्यायचं नाही.

झीज कसली, तर मायक्रॉनमध्ये. डोक्यावरच्या एका केसाचे उभे सत्तर भाग करा, त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. तीन चाचण्या झाल्या की मी पंप उघडायचा, छर्रे बाईंकडे न्यायचे, आणि त्यांनी ते मोजायचे. पाच मायक्रॉनपर्यंत झिजले असतील तर पुन्हा वापरायचे, त्याच्या वर गेले तर टाकायचे. छर्रा बारीक झाला की दांडा ढिला होतो, ढिला दांडा डुगडुगतो, आणि त्यावरची डुगडुगणारी पाती पंपाच्या आवरणाला घासली की ऑक्सिजनमध्ये लोखंडसुद्धा कागदासारखं पेटतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. चाचणीच्या आमच्या जुन्या जागेच्या भिंतीवर तो काळा डाग मी स्वतः घासलाय, आणि तो निघाला नाही.

बाईंचे यजमानही आमच्याच कारखान्यात होते, लेथवर. त्यांनी केलेला एक दांडा बाईंनी अर्ध्या मायक्रॉनसाठी परत पाठवला होता. त्यानंतर तीन दिवस त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं मुलीमार्फत चालत होतं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा त्यांनी बाईंपुढे दांड्याचा विषय काढला की बाई म्हणत, ‘मोठा होता.’ बस.

तर त्या सोमवारची गोष्ट.

आमचं इंजिन मोठ्या चाचणीला जायचं होतं. चारशे ऐंशी सेकंद सलग, आणि एक नाही, ओळीने तीन. आधी दोनदा तारीख पुढे गेली होती, दोन्ही वेळा आमच्या विभागामुळे, आणि आमच्या मोठ्या साहेबांना वरून रोज फोन येत होते. साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्या आठवड्यात त्यांचा चेहरा असा होता की शिपाई चहा ठेवून पळत होता. त्यांनी सकाळी मोजणीच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं की बारापर्यंत आकडे हवेत, नाहीतर मंगळवारची जोडणी हुकते आणि गुरुवारची चाचणी जाते. बाई नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणाल्या.

साडेदहाला त्यांना फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण, आणि डॉक्टर काहीतरी अडलंय म्हणत होते. जावई परगावी. यजमान एकटे दवाखान्यात, त्यांना डॉक्टर काय बोलतात ते धड ऐकू येत नव्हतं.

छर्रे नुकतेच धुऊन भट्टीत सुकवून आले होते. बाईंनी ते ट्रेमध्ये ठेवले, झाकण घातलं, घड्याळाकडे बघितलं. मग झाकण काढलं आणि मोजायला घेतलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिला छर्रा, झीज दोन पूर्णांक नऊ. दुसरा, तीन. असं करत तेरावा, चार पूर्णांक सहा. सगळे पाचाच्या आत. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी सही केली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि निघाल्या. दुपारी चार वाजता मुलगी बाळंत झाली. नात झाली. मंगळवारी बाईंनी सगळ्या विभागात स्वतः फिरून बातमी सांगितली, मला जोडणीच्या खोलीच्या काचेबाहेरून खुणेनं सांगितली. मी तेव्हा तेच छर्रे बेअरिंगच्या पिंजऱ्यात बसवत होतो.

बुधवारी इंजिन स्टँडवर गेलं. आमचा स्टँड म्हणजे बसचा नव्हे, जिथे इंजिन जमिनीला बांधून पेटवतात तो. कारखान्यापासून नऊ किलोमीटर, उजाड माळावर.

गुरुवारी, चाचणीच्या दिवशी, साधारण बाराच्या सुमाराला बाईंनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो आणि सवयीनं दारात उभा राहिलो. त्या म्हणाल्या, ‘आत या, दार लावा.’ मी आत जाऊन दार लावलं.

टेबलावर दोन कागद होते. एक त्यांचा स्वतःचा, सोमवारच्या मापांचा. दुसरा वजनाच्या खोलीतून आलेला. मोजलेले छर्रे नियमाप्रमाणे वजनालाही जातात, पण तो कागद फायलीत लावायचा असतो म्हणून लावतात, वाचत कुणी नाही. बाई वाचत. एक मायक्रॉन झीज म्हणजे साधारण दोन मिलिग्रॅम वजन कमी, हा हिशेब त्यांच्या बोटांवर होता. पहिला छर्रा दोन पूर्णांक नऊ झिजला असेल तर तो सहा मिलिग्रॅमनं हलका हवा. वजनाच्या कागदावर होता साडेअकरानं. तेराव्याला नऊ हवे होते. तोही साडेअकरानंच. सगळे साडेअकरा, थोडंफार इकडेतिकडे.

मी म्हणालो, वजनवालीचा काटा बिघडला असेल.

त्यांनी मान हलवली आणि आपल्या कागदावर बोट ठेवलं. दोन-नऊ, तीन, तीन-दोन, तीन-तीन, असं खालपर्यंत. प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा मोठा, एकही मागे नाही.

‘मिस्त्री,’ त्या म्हणाल्या, ‘छर्र्यांना आपला नंबर माहीत नसतो. ओळीनं कसे झिजतील?’

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. छर्रे गरम होते. गरम लोखंड फुगतं. पहिला छर्रा सगळ्यात गरम, म्हणून सगळ्यात फुगलेला, म्हणून कमी झिजलेला दिसला. मोजता मोजता बाकीचे निवत गेले आणि आपल्या खऱ्या मापाकडे येत गेले. म्हणजे तेराच्या तेरा सारखेच झिजले होते, आणि वजनावरून ती झीज निघत होती पावणेसहा-सहाच्या घरात. पाचाच्या वर.

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायची काही गरज नव्हती. वजनाचा कागद त्यांच्या हातात त्याच दिवशी साडेअकराला आला होता. त्यांना बघताक्षणी कळलं होतं. आणि त्यांनी तो फायलीत लावून, फाईल मिटून, कपाटात ठेवून दिली होती. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत त्यांनी चहा घेतला, नातीच्या अंगड्याची लोकर कुठल्या रंगाची आणायची ते ठरवलं, आणि मग उठून कपाट उघडलं.

पंप मी जोडला होता. त्या पंपात ढिले छर्रे होते आणि साडेचार तासांनी तो तीस हजारानं फिरणार होता. इकडे पाच मायक्रॉनची मर्यादा आणि तिकडे माझी पाचावर धारण बसलेली.

बाईंनी साहेबांना फोन केला. साहेब दहा मिनिटांत आले. तेवढ्या वेळात बाईंनी भट्टीत दुसरे तेरा छर्रे टाकले होते, कोरे, ज्यांचं माप आधीच नोंदलेलं होतं. साहेबांनी दोन्ही कागद बघितले. हुशार माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला आणि दोन बोटांनी डोळे चोळले.

मग ते शांतपणे बोलू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की पाच ही मर्यादा आपण भरपूर वाव ठेवून आखली आहे, एकदा एक पंप साडेसहापर्यंत गेलेला होता आणि काही झालं नव्हतं. वजनाचा काटा चुकू शकतो. हवं तर चाचणीनंतर पंप उघडू, तेव्हा खरं माप कळेलच. आजची चाचणी गेली तर तिसऱ्यांदा जाईल, आणि मग कदाचित हे इंजिनच गुंडाळतील. शंभरावर माणसांचं काम आहे. आणि बाईंनी जे केलं ते कुणीही केलं असतं, घरचा प्रसंगच तसा होता, आजी होण्याचा दिवस होता, त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावणार नाही.

बाई भट्टीतून ट्रे काढत होत्या. त्या वळल्या नाहीत.

‘मी आजी झाले म्हणून छर्रे निवत नाहीत, साहेब,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आमच्या दोघांच्या देखत ते कोरे छर्रे गरम गरम मोजायला घेतले. मी आकडे लिहीत गेलो. पहिला आपल्या खऱ्या मापापेक्षा जवळजवळ तीन मायक्रॉन फुगलेला. दुसरा किंचित कमी. खोलीत यंत्राची बारीक घरघर आणि त्यांचा आवाज, एवढंच. तेरावा, एक मायक्रॉनच्या थोडा वर. सोमवारच्या ओळीशेजारी ही ओळ ठेवली तर दोन्हींचा उतार एकसारखा होता.

साहेबांनी तो कागद हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, ‘मी चाचणी थांबवणार नाही. तुमची सही आहे. ती मागे घ्यायची तर तुम्ही घ्या.’

यात त्यांनी काही चुकीचं सांगितलं नाही. नियमच तसा होता. सही मागे घेण्याचा एक छापील फॉर्म असतो, तो सही करणाऱ्यानं स्वतः भरून स्टँडच्या प्रमुखांच्या हातात द्यायचा, टाकीत ऑक्सिजन भरायला सुरुवात होण्याआधी. फोनवर चालत नाही. माझ्या माहितीत तो फॉर्म कुणी कधी भरलेला नव्हता. तो शोधायलाच बाईंना पाच मिनिटं लागली. त्यात एक रकाना होता, ‘कारण’. बाईंनी लिहिलं, ‘छर्रे निवण्याआधी मोजले. चूक माझी.’ खाली सही केली, वेळ टाकली. एक वाजून पंचवीस मिनिटं.

ऑक्सिजन भरणं दोनला सुरू होणार होतं. स्टँडचं फाटक पावणेदोनला बंद. बाईंनी साहेबांकडे गाडी मागितली. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले की गाडी कामावर गेलीय. ती खाली झाडाखाली उभी होती, आम्हा तिघांनाही दिसत होती.

‘माझी स्कूटर आहे,’ मी म्हणालो. का म्हणालो ते अजून मला नीट सांगता येणार नाही. साहेब माझेही साहेब होते.

बाई याआधी कधी कुणाच्या स्कूटरवर बसल्या नव्हत्या, हे मला कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर कळलं. त्यांनी एका हातानं माझा शर्ट मुठीत धरला होता, दुसऱ्यात फॉर्मचं पाकीट छातीशी. रस्ता सरळ, पण मधे दोन किलोमीटर खडी टाकलेली होती. तिथे मागचं चाक घसरायला लागलं. मी वेग कमी केला तर त्या कानाशी म्हणाल्या, ‘नका थांबू.’ मला हसू आलं नाही, खरंच नाही. डोक्यात एकच चालू होतं, की आपण पंप स्वतः जोडला आणि आता तो थांबवायला निघालोय. सोमवारी ह्या बाईंचं चुकलंच नसेल तर? गणित बरोबर दिसतं, पण असेल का बरोबर?

फाटकाशी पोचलो तेव्हा एक शेहेचाळीस झाले होते. आडवा दांडा खाली आलेला. पहारेकऱ्यानं आमची नावं यादीत शोधली, आणि ती नव्हती. त्यानं शांतपणे सांगितलं की आता आत फक्त यादीतली माणसं. त्याचं बरोबरच होतं. मी त्याला समजावू लागलो, तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता, आणि माझा आवाज चढत चालला होता. बाईंनी मला दंडाला धरून बाजूला केलं.

त्यांनी त्याला विचारलं की त्याच्या खोलीतला फोन आतल्या प्रमुखांना लागतो का. लागतो, पण अडचण असेल तरच. ‘अडचण आहे,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही लावा. मी बोलते. आत सोडू नका.’

त्यानं बाईंकडे बघितलं, मग फोन लावला.

स्टँडच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्यांचा धाक आमच्या साहेबांनाही होता. बाईंशी जेमतेम ओळख, वयानं त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहारेकऱ्याच्या फोनचा आवाज मोठा असल्यानं मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. मॅडमनी आधी विचारलं की साहेबांना माहीत आहे का. बाई म्हणाल्या, आहे. साहेब काय म्हणतात? चाचणी करा म्हणतात.

पलीकडे मागे कुणीतरी आकडे वाचत होतं.

मग मॅडम म्हणाल्या, ‘बाई, एकच विचारते. तुम्हाला शंका आहे, की तुम्ही चुकला आहात?’

‘मी चुकले आहे.’

‘लिहून आणलंय?’

‘सहीनिशी.’

‘किती वाजले तुमच्याकडे?’

बाईंनी घड्याळ बघितलं. ‘एक त्रेपन्न.’

फोन बंद झाला. आम्ही तिघं तसेच उभे. माळावर ऊन रणरणत होतं आणि लांब स्टँडचा लोखंडी सांगाडा दिसत होता, त्याच्या पोटात आमचं इंजिन. पहारेकऱ्यानं बाईंना आपली खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. एक पंचावन्न. एक सत्तावन्न.

एक अठ्ठावन्नला भोंगा झाला. भरणं सुरू करण्याचा भोंगा लांब एकच असतो. हा तीनदा झाला, तुटक, म्हणजे थांबवल्याचा. मग आतून एक जीप धुरळा उडवत आली, मॅडम स्वतः उतरल्या, त्यांनी पाकीट उघडून फॉर्म उभ्या उभ्याच वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. मला म्हणाल्या, परत जाताना खडीवरून हळू जा.

पुढचे दिवस कुणाला सोपे गेले नाहीत. बाईंना लेखी ठपका आला, आणि सहा महिने सहीचा अधिकार काढून घेतला. त्यांना कागद ठेवायच्या खोलीत बसवलं. चाचणी तिसऱ्यांदा गेल्याचा राग लोकांनी त्यांच्यावरच काढला. सत्तावीस वर्षं ज्यांना ज्यांना त्यांनी दारात ताटकळत ठेवलं होतं त्या सगळ्यांना एकदम तोंड फुटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. मी बसायचो, पण ते काही मैत्रीनं नाही, मलाही दुसरीकडे कुणी जागा देत नव्हतं.

पंप मी उघडला. छर्रे नीट निववून, दुसऱ्या मोजणीवाल्यानं मोजले. पाच-सात ते पाच-नऊ. बाईंचं गणित खरं ठरलं, पण त्यानं परिस्थिती सुधारली नाही, उलट बिघडली. एका मायक्रॉनपेक्षाही कमी गोष्टीसाठी एवढा गोंधळ, असं लोक उघड म्हणू लागले. साहेब म्हणत नव्हते, पण त्यांच्या चालण्यावरून कळायचं. शेवटी त्यांनीच सुचवलं की हेच छर्रे कारखान्यातल्या फिरवण्याच्या यंत्रावर, जाड भिंतीमागे, तेवढ्याच वेगानं आणि तेवढ्याच भारानं चालवून बघू. ऑक्सिजनऐवजी द्रव नायट्रोजन, म्हणजे काही झालं तरी आग नाही. चारशे ऐंशी सेकंद, तीनदा, अगदी स्टँडवर होणार होतं तसं. एकदाचा काय तो निकाल लागू दे, ते म्हणाले.

त्या दिवशी खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. बाईंना बोलावलं होतं, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिला फेरा सुरू झाला. थरथर मोजणारा काटा सुरुवातीला हलला आणि जागेवर बसला. चारशे ऐंशी सेकंद. काही नाही. कुणीतरी खाकरलं. तास-दीड तास थांबून दुसरा फेरा. तोही निर्मळ. आता लोक बाईंकडे न बघण्याची काळजी घेत होते. एकानं हळूच विचारलं की तिसरा करायचा कशाला, जेवायची वेळ झालीय. साहेब काट्यासमोरून हलले नाहीत. बाईंचा चेहरा पांढराफटक होता. आपल्यामुळे इंजिन उगाच अडकलं, असं त्यांना त्या क्षणी वाटत असणार. मला तर वाटतच होतं.

तिसऱ्या फेऱ्यात दोनशे सेकंदांपर्यंत काटा जागेवर होता. दोनशे दहाला तो थोडा उचलला गेला, परत बसला. दोनशे अकराला पुन्हा. मग आवाज बदलला. काय सांगू, वीस वर्षं मी ते आवाज ऐकतोय, हा त्यातला नव्हता. दोनशे चौदाला काटा पार उजवीकडे आदळला आणि भिंतीमागे काहीतरी असं फुटलं की काचेशेजारचा चष्म्याचा डबा खाली पडला. यंत्र आपोआप बंद झालं. नायट्रोजनचा पांढरा धूर पलीकडे पसरत होता.

प्रत्येक जण मनात तेच मोजत होता. नियमाप्रमाणे पंप तीन चाचण्यांनंतर उघडतात. पहिली गुरुवारी झाली असती, निर्मळ. दुसरीही निर्मळ. मग कुणाच्या मनात शंका राहिली असती? तिसरीला स्टँडवर पाहुणे बोलावले असते.

साहेब माणसांमधून वाट काढत बाईंसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, ‘मी दोनदा बरोबर ठरलो असतो.’

बाई म्हणाल्या, ‘मीही. माझी सही तशीच राहिली असती.’

त्यांचा ठपका मागे घेतला गेला नाही, आणि त्यांनी तसं मागितलंही नाही. सहा महिने पूर्ण भरले. नियमात मात्र दोन ओळी वाढल्या. मोजण्याआधी छर्र्याचं तापमान लिहायचं, आणि छर्रे क्रमानं न मोजता चिठ्ठ्या टाकून मोजायचे. साहेबांची त्या वर्षअखेरीला बदली झाली. जाताना ते मोजणीच्या खोलीत अर्धा तास बसले होते, काय बोलले ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही.

नव्या छर्र्यांचा पंप पुढच्या वर्षी स्टँडवर गेला. तिसरी, शेवटची चाचणी होती त्या दिवशी मी आणि बाई तीन किलोमीटरवरच्या टेकाडावर, पाहुण्यांपासून जरा बाजूला उभे होतो. इंजिन पेटलं आणि जमीन पायांखालून थरथरू लागली. बाई मुठीत घड्याळ धरून उभ्या होत्या, ओठ हलत होते. दोनशे चौदा सेकंद गेले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटलेले होते. तीनशे. चारशे. चारशे ऐंशीला आवाज कापल्यासारखा बंद झाला, आणि पाहुण्यांच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या.

बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं.

‘मिस्त्री,’ त्या म्हणाल्या, ‘काल दुपारपासून पोटात काही नाही. तुमच्याकडे डबा आहे का?’

होता. आम्ही तिथेच टेकाडावर दगडावर बसून खाल्ला.